चला, अनकाई-टंकाईची लेणी पाहायला!

बालमित्रांनो, तुम्ही लेणी पाहिली आहेत का? "हो! वेरूळची, अजिंठ्याची!" असंच तुमचं उत्तर असणार. प्रत्यक्ष नाही तर निदान पुस्तकातल्या चित्रात तरी तुम्ही ती पाहिलीच असतील.

गेल्या सप्टेंबरात मी हाच प्रश्न आमच्या वर्गात विचारला. सगळे हात वर! मग मी विचारलं, "आपल्या नाशिक जिल्ह्यातली लेणी कुणी पाहिली आहेत?" तीन हात वर आले. तिघंही नाशिकच्या पांडवलेण्यांना जाऊन आलेले. "बरं, आणि अनकाईची?"

एकही हात वर नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, अनकाई? अन् काय?" वर्गात खसखस पिकली.

खरं सांगू का? एक हात वर यायला हवा होता. माझा! मी अनकाईला जाऊन आले होते. तेव्हा मी सातवीत होते, म्हणजे तुमच्यातल्या काहीजणांएवढी. पण मी हात वर केला नाही. का केला नाही, ते पुढे सांगेन. सांगण्यासारखं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, नाही का?

ऑक्टोबरच का?

आमची शाळा निफाड तालुक्यातल्या एका छोट्या गावात आहे. निफाड म्हणजे द्राक्षांचा आणि कांद्याचा तालुका. लासलगावचा कांद्याचा बाजार आमच्याच तालुक्यात. हिवाळ्यात निफाडच्या थंडीची बातमी तुम्ही पेपरात वाचतच असाल. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडलाच झाला. नांदूरमध्यमेश्वरचं पक्ष्यांचं अभयारण्यही इथलंच. पण आमच्या गावात मोठा डोंगर मात्र नाही. सगळी काळी, सपाट जमीन. त्यामुळे "डोंगर चढायचाय" म्हटल्यावर पोरं नुसती उड्या मारायला लागली.

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, की दुसऱ्या दिवशी निघायचं असं ठरलं. डोंगरात जायला हे दिवस फार छान. पाऊस परतलेला असतो, पण ओलावा गेलेला नसतो. गवत कमरेएवढं वाढून वर पिवळं पडू लागतं. हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, त्यामुळे लांबचं दिसतं. याला आपण शरद ऋतू म्हणतो. दुपारी मात्र ऊन असं चटकतं, की विचारू नका! म्हणून पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत डोंगर चढायचा, हा आपला नियम.

आम्ही एकूण सतरा मुलं-मुली, मी, दोघींच्या आया आणि एक आजोबा. आजोबा कसे आले, तेही सांगते. पाचवीतल्या एका मुलीच्या घरी आईबाबा दोघंही द्राक्षाच्या छाटणीच्या कामाला गेलेले. ऑक्टोबरात आमच्याकडे बागांची गोडी छाटणी असते, तेव्हा कुणाला घरी बसायला वेळ नसतो. मग तिचे आजोबाच म्हणाले, "बाई, म्या येतो पोरीसंगं. दगड बघायचेत ना? मग माझंच काम हाय ते."

आजोबांचं सारं आयुष्य दगडाचं काम करण्यात गेलं. जाती, पाटे-वरवंटे, उखळ घडवायचे. पाटा वाटून वाटून गुळगुळीत झाला, की त्याला पुन्हा टाकी लावून द्यायचे. खांद्यावर पिशवी, पिशवीत हातोडा आणि चार-पाच टाक्या. टाकी म्हणजे दगड फोडायची पोलादी छिन्नी, बरं का! "पाटा टाकवून घ्याऽऽ" असं ओरडत ते गावोगाव फिरायचे. आता घराघरांत मिक्सर आले आणि आजोबांची पिशवी खुंटीला लागली.

त्यांची नात वर्गात फारशी बोलत नाही. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. तिनंच मला बजावलंय!

येवल्यामार्गे

सकाळी सहाला आमची गाडी निघाली. नैताळे, विंचूर मागे पडलं. रस्त्याच्या कडेला मक्याची कणसं वाळत घातली होती. कुठं कांद्याची रोपं हिरवीगार उभी होती. उजाडता उजाडता आम्ही येवल्याला पोचलो.

येवलं म्हटलं, की तुमच्या आईच्या डोळ्यांसमोर पैठणी येईल. इथं घरोघर माग आहेत. सेनापती तात्या टोपे यांचा जन्म येवल्याचा. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी "हिंदू म्हणून मरणार नाही" अशी घोषणा केली, ती याच गावात. आम्ही गाडीत या सगळ्याची उजळणी केली. इतिहासाचा पेपर दोनच दिवसांपूर्वी झाला होता, त्यामुळे उत्तरं पटापट आली.

येवल्याहून मनमाडच्या रस्त्याला लागलं, की जमीन हळूहळू वर उठू लागते. आणि मग समोर दिसतात दोन डोंगर. एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले. एक अनकाई, दुसरा टंकाई. दोघांच्या मधे खिंड आहे. दोन्ही डोंगरांवर मिळून एक जोडकिल्ला आहे. माथ्याजवळ उभे ताशीव कडे, जणू डोंगराला कुणी दगडी पगडी घातलीय!

"हे डोंगर असे कापल्यासारखे का हो बाई?" एकानं विचारलं.

प्रश्न चांगला होता. मित्रांनो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या भागात जमिनीला भेगा पडून आतला तप्त रस, म्हणजे लाव्हा, बाहेर आला. तो पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे कितीतरी थर एकावर एक साचले. त्यातूनच आपला काळा कातळ तयार झाला. त्याला बेसॉल्ट म्हणतात. कठीण थराचे कडे उभे राहतात, मऊ थर झिजून त्यांचे उतार होतात. आपल्या सह्याद्रीच्या डोंगरांना पायऱ्या पायऱ्यांसारखा आकार आला, तो यामुळे. असा सलग, न भेगाळलेला कातळ मिळाला, म्हणूनच भारतातली बहुतेक लेणी महाराष्ट्रात आहेत.

छतावरचं कमळ

डोंगराच्या पायथ्याशी अनकाई गाव आहे. गावातून वर पाहिलं, की टंकाईच्या पोटात काळे चौकोन दिसतात. तीच लेणी. पंधरा-वीस मिनिटांची चढण आहे आणि पायऱ्याही आहेत, त्यामुळे लहान मुलांनाही जमतं. दोन्ही बाजूंना वाळत चाललेलं गवत, त्यात कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, त्यांवर फुलपाखरं. आमच्यातल्या छोट्या मंडळींनी कुर्डूचे तुरे मोजायचं ठरवलं आणि शंभरावर जाऊन नाद सोडला.

ही लेणी जैन धर्माची आहेत. साधारण हजार वर्षांपूर्वी आणि त्यानंतरच्या शंभर-दोनशे वर्षांत ती कोरली गेली. कड्याच्या पोटात ओळीनं सातेक लेणी आहेत. त्यांतली पहिली दोन तर दुमजली! म्हणजे एकाच दगडात तळमजला, जिना आणि वरचा मजला. एकही वीट नाही, सिमेंट नाही, लाकडाची तुळई नाही. दगड आणायला कुणी गेलंच नाही. उलट आतला दगड बाहेर काढला आणि जो उरला त्याचं घर झालं.

आत शिरलो आणि पोरांचा गलका आपोआप थांबला. बाहेर ऊन, आत गारवा. डोळे जरा सरावले, तेव्हा एकेक गोष्ट दिसू लागली. दारांच्या चौकटींवर बोटभर उंचीच्या आकृत्या. खांबांवर नक्षी. एका बाजूला हत्तीवर बसलेला यक्ष. जुने अभ्यासक त्याला इंद्र म्हणत. त्याच्या समोरच्या टोकाला देवी अंबिका. अंबिका ओळखायची खूण सांगून ठेवते. तिच्या डोक्यावर आंब्याचं झाड असतं, जवळ मूल असतं आणि वाहन असतं सिंह. तीर्थंकरांच्या मूर्ती शांत, हात सरळ खाली सोडून उभ्या. त्यांतले पार्श्वनाथ कसे ओळखायचे? सोपं आहे. त्यांच्या डोक्यावर नागाचा फणा असतो.

"बाई, वर बघा!"

छतात एक मोठं कमळ फुललं होतं. दगडाचं. पाकळ्यांची एकाभोवती एक अशी वर्तुळं, आणि पाकळ्यांवर नाचणाऱ्या, वाद्यं वाजवणाऱ्या इवल्या इवल्या आकृत्या. आम्ही सगळे खाली जमिनीवर पाठ टेकून आडवे झालो आणि तसेच पाहत राहिलो. तुम्ही गेलात तर तसंच करा. मान दुखत नाही!

आजोबांची शाळा

आजोबा मात्र आडवे झाले नव्हते. ते खांबाजवळ उभे राहून डोळे बारीक करून पाहत होते. हात मात्र पाठीशी बांधलेले. ते म्हणाले, "बाई, पोरांना इचारा बरं, आधी जमीन केली का आधी छत केलं?"

मी मुलांना विचारलं. सगळे म्हणाले, "आधी जमीन!" घर बांधताना आधी पायाच घालतात ना!

आजोबा हसले. "न्हाई. आधी छत. मग खांब. सगळ्यात शेवटी भुई."

"असं का?" मीच विचारलं. खरं सांगते, मलाही नीट माहीत नव्हतं.

"खालून सुरू केलं, तर छतापोतर हात पोचायला माच बांधावा लागंल. वरून सुरू केलं, तर कारागीर दगडावरच उभा. जसं जसं फोडत खाली येईल, तशी तशी पायाखालची भुई खाली जाईल. कमळ कोरणारा पोरगा हितं, आपल्या डोक्याएवढ्या उंचीवर बसला असंल. छत त्याच्या नाकासमोर!"

आम्ही सगळ्यांनी पुन्हा वर पाहिलं. आता ते कमळ वेगळंच दिसू लागलं. हवेत माच बांधून कोरलेलं नव्हे, तर मांडीवर घेतल्यासारखं जवळून कोरलेलं.

आजोबा मग असे खुलले, की काही विचारू नका. वर्गच भरला त्यांचा! दगड चांगला की वाईट, हे ठोकून कळतं. चांगला दगड घंटेसारखा खणखणतो. आत भेग असली, की बदबद वाजतो. काळ्या दगडावर टाकी लवकर बोथट होते. मग लोहाराच्या भट्टीत ती लाल करायची, ठोकून टोक काढायचं आणि पाणी द्यायचं. पाणी देणं म्हणजे तापलेलं पोलाद एकदम पाण्यात बुडवून कडक करणं. ते नीट जमलं नाही, तर टाकी एक तर वाकते नाही तर टोकाला तुटते. म्हणजे लेणं कोरणाऱ्यांच्या शेजारी दिवसभर लोहाराचा भाता चालू असला पाहिजे!

"आन् ह्ये ध्यानात ठेवा," आजोबा म्हणाले, "मातीचं भांडं बिघडलं तर पुन्हा चाकावर घेता येतं. लाकूड चुकलं तर दुसरं जोडता येतं. दगडाचं नाक येकदा उडालं, की उडालं. त्याला दुसरं नाक न्हाई."

त्यांची नात हळूच म्हणाली, "आपण पण चुकतो पेपरात. पण खोडरबर असतं."

आमच्या वर्गात कधी न बोलणारी मुलगी! तिच्या वाक्यावर सगळे हसले, पण मला हसू आलं नाही. कारण मी मघापासून ज्या खांबाकडे पाहायचं टाळत होते, त्याच खांबाजवळ दोन मुलं जाऊन उभी राहिली होती.

माझी हजेरी

त्या खांबावर नावंच नावं होती. दगडानं खरवडलेली, खिळ्यानं कोरलेली, कुणी रंगानं लिहिलेली. कुणाचं नाव बदामात, कुणाचं गाव, कुणाचं साल. एक मुलगा ती नावं हजेरी घेतल्यासारखी मोठ्यानं वाचू लागला. बाकीचे "हजर!" "हजर!" म्हणून ओरडू लागले. मोठी गंमत चालली होती.

मग त्यानं एक नाव वाचलं. एका मुलीचं नाव, आडनाव, आणि खाली "सातवी ब".

"हजर!" पोरं ओरडली.

मित्रांनो, ते नाव माझं होतं.

माझ्या लग्नाआधीचं आडनाव आमच्या शाळेत कुणालाच माहीत नाही. माझं पहिलं नाव तर गल्लोगल्ली सापडेल असं. मी गप्प बसले असते, तर कुणालाही कधीच कळलं नसतं. खरं सांगायचं तर गप्प बसावं असं वाटलंही. आदल्याच दिवशी मी या सतरा जणांना बजावलं होतं, "लेण्यात कशाला हात लावायचा नाही, काही लिहायचं नाही." आता त्यांच्यासमोर काय तोंड दाखवायचं?

पण ते "हजर!" माझ्या कानात घुमत राहिलं. हजेरी घेताना जो असतो त्यानंच ओ द्यायची असते, असं मी रोज वर्गात सांगते. मी म्हटलं, "हजर."

सगळे माझ्याकडे वळले.

"ते नाव माझं आहे. मी सातवीत असताना शाळेच्या सहलीबरोबर इथं आले होते. सगळे लिहीत होते, म्हणून मीही एक टोकदार दगड घेतला आणि लिहिलं. मला वाटलं, आपण मोठा पराक्रम केला. घरी जाऊन मैत्रिणींना सांगितलंसुद्धा."

एवढी शांतता आमच्या वर्गात परीक्षेच्या वेळीही नसते. मग एक छोटा म्हणाला, "बाई, मग तुम्हांला शिक्षा?"

शिक्षा आहे, मित्रांनो. ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानं संरक्षित केलेली आहेत. अशा स्मारकाची नासधूस केली, त्याला विद्रूप केलं, तर प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात शिक्षा सांगितली आहे. २०१० साली ती वाढवली. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी हे मुलांना सांगितलं. मग म्हटलं, "मला तेव्हा कुणी पकडलं नाही. पण आज तुम्ही पकडलंत."

"बाई, पुसून टाकू या ना!" आजोबांची नात म्हणाली आणि तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांना काय, चार टाक्या मारल्या की झालं, असं तिला वाटत असणार.

आजोबांनी खांबाजवळ डोळे नेले. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "न्हाई बाळा. पुसायचं म्हंजे आजूबाजूचा दगड त्या रेघंएवढा खाली घ्यायचा. मग त्ये दुसरं नाव. मग तिसरं. सगळी पुसायची म्हटली, तर खांब बारीक व्हईल. नाव जाईल, संगं खांब बी जाईल."

म्हणजे माझं नाव तिथंच राहणार. मी म्हातारी झाले तरी. तुम्ही म्हातारे झालात तरी. आजोबांच्या नातीचं खोडरबर तिथं चालत नाही.

तेवढ्यात मला दिसलं, की मघाशी हजेरी घेणारा मुलगा एक हात पाठीमागे धरून उभा आहे. मी काही विचारलं नाही. तोच लेण्याच्या दाराशी गेला आणि त्यानं हातातला पांढरट टोकदार दगड बाहेर गवतात टाकून दिला.

अनकाईच्या दरवाजातून

लेण्यांपासून वर गेलं, की दोन डोंगरांमधल्या खिंडीत आपण पोचतो. तिथून अनकाईची खरी चढण सुरू होते. एकामागून एक दगडी दरवाजे लागतात. वरच्या दरवाजाजवळ कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत. हा किल्ला जिंकायला अवघड, हे चढताना पायांना कळतंच. पण १८१८ साली पेशवाई संपताना इंग्रज इथं आले, तेव्हा मात्र तो न लढताच त्यांच्या ताब्यात गेला. माकडं इथं खूप. खाऊची पिशवी हातात उघडी धरू नका. आमचा अर्धा पुडा चिवडा त्यांनीच खाल्ला!

वाटेत आणखी काही लेणी लागतात. ही हिंदू देवतांची, पण अर्धवट राहिलेली. नेहमी माणसं ती पाहून पुढे जातात. आम्ही मात्र तिथंच थबकलो, कारण आजोबांचा धडा जणू तिथं उघडून ठेवला होता! वरची बाजू बऱ्यापैकी सारखी केलेली आणि खालची तशीच ओबडधोबड. आधी छत, शेवटी भुई. "आजोबा बरोबर होते!" पोरांनी जल्लोष केला.

भिंतीवर टाकीचे घाव स्पष्ट दिसत होते. एकाखाली एक, तिरक्या ओळी. पाऊस पडतो ना तिरका, तशा.

आजोबांची नात त्या ओळींसमोर बसली. मग तिनं विचारलेला प्रश्न मी जन्मात विसरणार नाही. ती म्हणाली, "बाई, ज्यांनी हे सगळं कोरलं, त्यांनी आपलं नाव कुठं लिहिलंय?"

मी म्हटलं, "कमळ कोरणाऱ्याचं नाव तरी मला कुठं दिसलं नाही."

दुसरा एक मुलगा लगेच म्हणाला, "पण बाई, पांडवलेण्यात तर लिहिलंय! मी पाहिलंय. भिंतीवर मोठी मोठी अक्षरं आहेत. मग त्यांनी लिहिलेलं चालतं आणि आपण लिहिलेलं का नाही?"

घ्या! आता याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "वर जाऊन जेवताना सांगते." खरं म्हणजे मला विचार करायला वेळ हवा होता.

अगस्ती ऋषींच्या डोंगरावर

अनकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचं स्थान आहे आणि पाण्याचं टाकं आहे. अगस्ती ऋषी इथं राहिले, अशी लोकांची श्रद्धा आहे. वारा असा भणाणत होता, की टोप्या धरून बसावं लागत होतं. मनमाडच्या बाजूला हडबीची शेंडी दिसत होती. अंगठा वर केल्यासारखा तो सुळका! खाली रेल्वेगाडी मुंगीसारखी सरकत होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि राहिलेला चिवडा. भूक अशी लागली होती, की ठेचा खाणाऱ्यांचे डोळे भरून आले तरी कुणी थांबेना.

मग मी पांडवलेण्याचं उत्तर दिलं. तुम्हांलाही देते.

नाशिकच्या पांडवलेण्यात दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत लेख कोरलेले आहेत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. नहपान राजाचा जावई उषवदात यानं त्यात काय लिहिलंय? आपण हे लेणं भिक्षूंना राहायला दिलं. शिवाय तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, दिली. ती नाणी गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन संघांकडे ठेव म्हणून ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असं व्याज. त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना कपडे आणि इतर खर्च मिळावा. मूळ ठेव कधीही मोडायची नाही. आहे की नाही बँकेच्या पासबुकासारखं?

"म्हणजे त्यानं काय लिहिलं?" मी विचारलं.

"त्यानं काय दिलं ते लिहिलं," एकजण म्हणाला.

"आणि मी काय लिहिलं?"

कुणी काही बोललं नाही. माझा मान राखला त्यांनी! उत्तर मीच दिलं. "मी फक्त 'मी आले होते' एवढंच लिहिलं. मी इथं काही दिलं नव्हतं. उलट खांबाचा थोडा दगड घेऊन गेले."

आजोबा तंबाखू मळता मळता थांबले. म्हणाले, "बाई, म्या हजारभर पाटे तरी टाकवले असतील. येकावर बी नाव न्हाई टाकलं. पर कुठल्या घरी गेलो आन् पाटा दिसला, तर टाकी बघून सांगीन, ह्यो माझा."

"मग तेच नाव!" त्यांची नात एकदम म्हणाली. "खालच्या लेण्यात त्या तिरक्या ओळी आहेत ना, ती त्यांची सही आहे."

आता यापुढे मी काय शिकवणार, सांगा!

उतरताना आम्ही पुन्हा टंकाईच्या लेण्यांपाशी थांबलो. सगळ्यांनी चित्रकलेच्या वह्या काढल्या. कुणी हत्ती काढला, कुणी अंबिकेचं आंब्याचं झाड, कुणी छतावरचं कमळ. आजोबांच्या नातीनं काय काढलं असेल? पानभर तिरक्या रेघा! आणि प्रत्येकानं आपल्या चित्राखाली, उजव्या कोपऱ्यात, आपलं नाव लिहिलं. मीही कमळ काढलं आणि खाली नाव लिहिलं. या वेळी माझं आत्ताचं.

ही चित्रं आता आमच्या वर्गात भिंतीवर लावली आहेत. मधोमध त्या तिरक्या रेघांचं पान आहे.

तुम्ही जाल तेव्हा

अनकाई गाव नाशिक जिल्ह्यातल्या येवला तालुक्यात आहे. मनमाडहून दहाएक किलोमीटर. मनमाड मोठं रेल्वे स्टेशन आहे, आणि मनमाड-येवला रस्त्यानं गेलं की अनकाईचा फाटा लागतो. सकाळी लवकर निघा. पाणी, टोपी आणि चित्रकलेची वही बरोबर घ्या. लेण्यात चालताना खांबांना, मूर्तींना हात लावू नका. आपल्या हाताचा घाम आणि तेल दगडाला लागतं, नक्षी झिजते. फटाके, चूल, उदबत्ती तर नकोच. छतावर बसलेली काजळी काढणं फार कठीण असतं. मोठी माणसं सोबत हवीतच. एखादे आजोबा मिळाले तर फारच छान!

अनकाई लांब पडत असेल तर काळजी करू नका. तुमच्या गावाजवळही काही ना काही असेलच. एखादी बारव, पडक्या देवळातला खांब, वेशीजवळचा वीरगळ. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन पाहा. त्यावर टाकीचे घाव कुठं दिसतात ते शोधा. चित्र काढा, खाली नाव लिहा आणि आम्हांला पाठवा. तुमचं नाव लिहायची जागा तीच!